उस्ताद, तुम्ही लिहून दिलेल्या त्या अर्जासाठी

प्रिय उस्ताद,

अरबीतलं पत्र तुम्हाला वेगळं धाडलं आहे. हे मराठीत लिहितोय, कारण तुम्ही माझ्यासाठी काय केलंत आणि इजिप्तचे तत्त्वज्ञ अब्दुर्रहमान बदवी कोण होते, हे दोन्ही माझ्या माणसांना कळावं असं मनापासून वाटतं.

कुवेतमध्ये साल्मियातल्या त्या इमारतीत तुम्ही माझ्या वरच्या मजल्यावर राहायचात. कंपनीने चार महिने पगार दिला नव्हता, इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपत आला होता आणि आईला मी फोनवर सगळं ठीक आहे म्हणून सांगत होतो. जिन्यात गाठ पडली तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, ‘जेवलास का?’ त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तुमच्याकडे पुदिन्याचा काळा चहा, अरबीचा धडा आणि बदवी.

तुम्ही इजिप्तमधल्या दमिएत्ताचे, आणि बदवीही त्याच भागातल्या शराबास गावचे. त्यांचा जन्म १९१७चा. तुम्ही त्यांच्याबद्दल बोलायचात ते गावातल्या थोरल्या माणसाबद्दल बोलावं तसं, पण काही झाकलं नाहीत. तरुणपणी ते ‘मिस्र अल-फतात’ (तरुण इजिप्त) या पक्षात होते आणि युरोपातल्या फॅसिस्टांची छाप त्या पक्षावर होती, हे तुम्हीच सांगितलंत. त्यांचा स्वभाव तिरसट होता, आत्मचरित्रात भल्याभल्यांवर त्यांनी आसूड ओढले, हेही. माणूस सगळा समोर ठेवून मग त्याच्यावर प्रेम करायचं, ही तुमची रीत मला फार आवडली.

१९४४ साली कैरोच्या विद्यापीठात त्यांनी ‘अस्तित्वात्मक काळ’ हा प्रबंध मांडला. परीक्षकांत इजिप्तचे नामवंत साहित्यिक ताहा हुसैन होते. जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर वाचलेल्या या तरुणाचं म्हणणं असं, की काळाबाहेर अस्तित्व नाहीच. माणसाच्या भावनाही तो जोड्यांनी मांडतो आणि प्रत्येक जोडीचं एक ताणलेलं ऐक्य दाखवतो. वेदना आणि आनंद, प्रेम आणि द्वेष, अस्वस्थता आणि निश्चिंती. त्या शेवटच्या जोडीतून निघतो तो ‘कलक मुतमइन्न’, म्हणजे निश्चिंत अस्वस्थता. हा शब्द तुम्ही मला वहीत तीनदा लिहायला लावलात. माझी काळजी जाणार नव्हती, पण तिच्यासकट उभं राहता येतं, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा पटलं. अनेकांना त्यांचा हा विचार पश्चिमेची उसनवारी वाटतो. मला नाही वाटत. सूफींच्या अनुभवात त्यांना अस्तित्ववादाची, म्हणजे माणसाच्या प्रत्यक्ष जगण्यापासून सुरू होणाऱ्या तत्त्वज्ञानाची, नाती दिसली होती, आणि अॅरिस्टॉटलची जुनी अरबी भाषांतरं हस्तलिखितांतून काढून छापणारा हा माणूस आपल्या घरात काय आहे ते पुरतं जाणत होता. फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रचा ‘बीइंग अँड नथिंगनेस’ हा ग्रंथही त्यांनीच अरबीत आणला.

पण मला सर्वात जवळची वाटते ती १९५३ची गोष्ट. इजिप्तमध्ये राजा फारूकला लष्कराने हटवल्यावर नवी राज्यघटना लिहायला पन्नास जणांची समिती नेमली, तिच्यात बदवी होते. हक्क आणि स्वातंत्र्य यांवरच्या कलमांसाठी त्यांनी काम केलं. लष्करी अधिकाऱ्यांच्या राजवटीने तो मसुदा बाजूला सारला आणि १९५६ साली आपली वेगळी घटना आणली. कितीतरी वर्षांनी पत्रकार सलाह ईसा यांना तो मसुदा सापडला, आणि त्यांच्या पुस्तकाचं नावच ‘कचऱ्याच्या डब्यातली राज्यघटना’ असं आहे.

अरबीत राज्यघटनेला ‘दस्तूर’ म्हणतात, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मी चमकलो. आमच्याकडे दस्तूर म्हणजे हस्ताक्षर, दस्तुरखुद्द म्हणजे स्वतःच्या हाताने. आणि हक्क तर दोन्हीकडे हक्कच.

दुसऱ्याच दिवशी तुम्ही माझा अर्ज लिहायला बसलात. दस्तुरखुद्द. थकलेला पगार कुठेही ‘कृपया मिळावा’ असा मागितला नाहीत. ‘माझे हक्क’ असं लिहिलंत आणि मला ती ओळ मोठ्याने वाचायला लावलीत. कामगार खात्याच्या कचेरीत तीन वेळा सोबत आलात, उन्हात, गुडघा दुखत असताना. पैसे मिळाले. सगळे नाही, पण इकामा सुटला आणि दुसरी नोकरी धरता आली.

बदवींनी १९६७ला इजिप्त सोडलं. लिबियात शिकवत असताना १९७३ साली त्यांना कैद झाली, त्यांची पुस्तकं जाळली गेली. मग तेहरान, आणि १९७४पासून आठेक वर्षं कुवेतचं विद्यापीठ. तुमच्या-माझ्यासारखेच तेही इथे नोकरीला आलेले परके होते, हे ऐकून मला विलक्षण धीर आला होता. पुढची वर्षं त्यांनी पॅरिसच्या हॉटेलात एकट्याने काढली. २००२ साली कैरोत वारले.

आता तुम्ही दमिएत्ताला परतला आहात. अर्जाची प्रत मी तुम्ही दिलेल्या पुस्तकात, काळावरच्या प्रकरणाशी ठेवली आहे. ते प्रकरण आपलं अर्धंच राहिलं. रमजान झाला की मी येतोय. चहा ठेवा, आईने दिलेले बेसनाचे लाडू घेऊन येतो. शराबासही दाखवा.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा