दुसरा पाय तू कर

आदरणीय काका,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. पण पत्र मात्र चारचौघांत लिहायचं ठरवलंय. मोटरसायकलच्या फोर्कमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरून दणके झेलणाऱ्या त्या दोन पायांमध्ये, भलतंच तेल घेऊन फिरणारी आणि गाडी हातात राहत नाही म्हणून स्वतःलाच बोल लावणारी माझ्यासारखी माणसं आणखी असणार. त्यांच्याही वाचनात हे यावं.

काल संध्याकाळी त्या उतारावरून खाली आले. वरती सुटी खडी आणि पुढे पन्हाळी पत्र्यासारख्या बारीक बारीक लाटा असलेला तो कच्चा रस्ता. गेल्या वर्षी पुढचं चाक निसटून माझी कॉलरबोन मोडली ती इथेच. काल उतार संपल्यावर गाडी बाजूला घेतली, हातमोजे काढले आणि बोटं उघडमीट करून पाहिली. मुंग्या नव्हत्या. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या रस्त्याच्या शेवटी माझे हात माझे होते. तिथेच दगडावर बसले आणि रडले. हे पत्र तेव्हाच मनात सुरू झालं.

तुमच्याकडे येण्याआधी तीन ठिकाणी गेले होते, ते तुम्हाला थोडक्यात सांगितलं होतं. आज जरा मोकळेपणानं सांगते, कारण तो राग अजून गेलेला नाही.

पहिल्या ठिकाणी म्हणाले होते, ब्रेक दाबला की पुढून गाडी फार खाली जाते ना, मग जाड तेल टाकू. टाकलं. किती जाड, का, कोणतं, काही नाही. बाटलीवरचा आकडा आधीपेक्षा मोठा होता एवढंच त्यांना पुरेसं होतं. गाडी डांबरी रस्त्यावर खरंच थोडी शांत झाली, म्हणून मी खूश झाले. पण कच्च्या रस्त्यावर हात बधिर व्हायला लागले. दुसऱ्या ठिकाणी तक्रार केली, तर त्यांनी 'तेल बदलून देतो' म्हणत इंजिनासाठी उघडलेल्या डब्यात उरलेलं तेल फोर्कमध्ये ओतलं. हे मला तेव्हा कळलंसुद्धा नाही. तुम्ही ते काढलंत तेव्हा कळलं. आणि तिसऱ्या ठिकाणी, हात गळ्यात बांधलेला असताना मी विचारायला गेले, तर गाडी स्टँडवरच दोनदा दाबून पाहिली आणि म्हणाले, "फोर्क ठीक आहे. कच्च्यात चालवायची सवय लागते, सगळ्यांना जमत नाही."

ते वाक्य मी वर्षभर वागवलं. खरं मानलं. माझे हात कमजोर आहेत, माझं बसणं चुकतंय, मी उशिरा ब्रेक सोडते, असं काय काय मनाशी म्हणत राहिले. गाडी विकायचं जवळजवळ ठरलं होतं.

तुम्ही मात्र गाडीला हात लावायच्या आधी मला विचारलंत, "दुखतं कुठे?"

मनगटात, मी म्हटलं. "सुरुवातीपासून, की लाटा लागल्यावर?" लाटा लागल्यावर, आणि जितक्या जास्त लाटा तितकी गाडी जास्त कडक होत जाते. "आणि सकाळी निघाल्या निघाल्या?" तेव्हा मी चमकले. कारण सकाळचा पहिला अर्धा तास गाडी वेगळीच वागते, हे मी तिन्ही ठिकाणी सांगितलं होतं आणि तिन्ही ठिकाणी हसण्यावारी गेलं होतं. तुम्ही फक्त मान हलवलीत. थंड तेल दाट, तापलं की पातळ. सगळीच तेलं तशी वागतात, पण काही कमी बदलतात, काही फार. ज्याचा व्हिस्कॉसिटी इंडेक्स जास्त, ते दिवसभर बरंचसं एकसारखं राहतं. म्हणजे मला होत होता तो भास नव्हता. काका, हे ऐकताना पोटातली एक गाठ सुटली होती, ते तुमच्या लक्षात आलं की नाही माहीत नाही.

मग तुम्ही मला सगळ्या सामानासकट गाडीवर बसवलंत. जॅकेट, बूट, मागची बॅग, पाण्याची पिशवी, सगळं. फोर्कच्या पाइपला प्लॅस्टिकची एक पट्टी बांधून माझ्या वजनानं फोर्क किती दबतो ते मोजलंत. एकूण हालचालीच्या तिसऱ्या हिश्शाहून बराच जास्त दबत होता. "गाडी उभ्या उभ्याच अर्ध्या वाटेला आलीये," तुम्ही म्हणालात, "आणि हे तेलानं सुधारत नाही. वजन स्प्रिंग उचलते. तेल फक्त स्प्रिंगला आवरतं." पहिल्या ठिकाणी माझ्या तक्रारीवर जाड तेलाचा उतारा दिला होता, तो मुळातच भलत्या दुखण्यावर होता, हे त्या एका वाक्यात कळलं. स्प्रिंगवरचा स्पेसर, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते ठरवणारा नळीचा तुकडा, तुम्ही बदललात आणि तेलाचा विषय नंतर काढलात.

लाटांवर गाडी का कडक होते ते तुम्ही हातानं करून दाखवलंत, ते मी आता चार जणांना तसंच दाखवते. एक तळवा जमिनीसारखा, दुसरा चाकासारखा. लाट आली, फोर्क दबला. तो परत पूर्ण वर यायला हवा, पण तेल इतकं दाट की यायला वेळ लागतो. तेवढ्यात दुसरी लाट. पुन्हा दबला, आता आधीपेक्षा खालून. मग तिसरी. दहा-बारा लाटांनंतर फोर्क जवळजवळ तळाशी जाऊन बसलेला, पुढे दबायला जागाच नाही. वर बसलेल्याला वाटतं स्प्रिंग फार कडक आहे. खरं तर फोर्कला श्वास घ्यायलाच मिळत नाहीये. आणि जे चाक लाटेच्या मागच्या उतारावर खाली पोचत नाही, ते जमिनीला धरतही नाही. "मग हँडल वळवलं की काय होणार?" तुम्ही विचारलंत. मी काही बोलले नाही. काय होतं ते माझ्या खांद्याला माहीत होतं.

माझ्या गाडीत कार्ट्रिज नाही, साधा डॅम्पर रॉड आहे. ठरलेल्या मापाची भोकं आणि त्यातून ढकललं जाणारं तेल, बस. फोर्क सावकाश हलला तर तेल निमूट जातं, पण दणका जितका जोराचा, तितका विरोध कितीतरी पटींनी वाढतो. खाली जाताना आणि वर येताना तेच एक तेल, त्यामुळे एक बाजू सुधारायला दाट तेल घातलं की दुसरी बिघडते. कार्ट्रिजमध्ये पातळ पत्र्यांचे व्हॉल्व्ह असतात, तिथे तर जाड तेल घालणं म्हणजे कारखान्यानं नीट लावलेलं सगळं विस्कटून टाकणं. हे काही आजचं शास्त्र नाही, असं तुम्ही म्हणालात. बीएमडब्ल्यूच्या आर १२ वर तेलानं आवरलेला दुर्बिणीसारखा फोर्क १९३५ सालीच आला होता. इतकी वर्षं जुनी गोष्ट एखाद्याला ठाऊक नसेल तर त्यात पाप नाही. पण ठाऊक नसताना 'तुम्हालाच जमत नाही' असं म्हणणं, ते मात्र माझ्या मनातून जात नाही.

आणि त्या दोन बाटल्या! दोन्हींवर दाटपणाचा तोच आकडा, १० डब्ल्यू. मी म्हटलं, मग कुठलीही घ्या. तुम्ही दोन्हींच्या माहितीपत्रकांवर बोट ठेवलंत. चाळीस अंशांना एक ३२ सेंटिस्टोक (हे दाटपणा मोजायचं माप), दुसरी ४७. जवळजवळ दीडपट. इंजिन ऑइलचे आकडे एसएई जे ३०० या मानकानं बांधलेले असतात, फोर्क ऑइलच्या 'डब्ल्यू'ला तसं कुणी बांधलेलं नाही. प्रत्येक कंपनी आपल्या मनानं लिहिते. एकीचं १० म्हणजे दुसरीचं ७ असू शकतं. म्हणून आकड्याकडे बघायचं नाही, चाळीस अंशांचा सेंटिस्टोक बघायचा, आणि गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या तेलाचा तोच आकडा शोधून त्याच्याशी ताडायचा. तुम्ही ३२ चं निवडलंत. मी विचारलं, थोडं दाट का नको? तुम्ही म्हणालात, आधी स्प्रिंग बरोबर झाल्यावर हे कसं वाटतं ते बघ, मग त्याच कंपनीची दोन तेलं मिसळून मधलं करता येतं. घाई कसली.

आधीचं तेल तुम्ही काचेच्या बरणीत काढलं होतंत. वरती काळपट, तळाशी करड्या रंगाचा गाळ, ॲल्युमिनियमचा. पाइप ज्यांच्यावर सरकतो त्या बुशवरचा टेफ्लॉनचा थर जाऊन आतलं तांबूस दिसत होतं. इंजिनाच्या तेलातली डिटर्जंटं घुसळली की फेस धरतात, आणि फेस आला की भोकांतून तेलाऐवजी हवा जाते, हे तुम्ही सांगितलंत. पण ज्यांनी ते ओतलं त्यांच्याबद्दल एक शब्द काढला नाहीत. मीच बोलत होते. तुम्ही फक्त बरणीचं झाकण लावलंत.

आता ज्याच्यासाठी हे पत्र आहे, त्यावर येते.

डाव्या पायात तुम्ही तेल भरलंत. पाइप वरखाली करून हवा काढलीत, स्प्रिंगशिवाय पूर्ण दाबून ठेवलंत आणि वरच्या काठापासून तेलापर्यंतचं अंतर मोजलंत. १४० मिलिमीटर. किती मिलिलिटर ओतलं ते मोजत बसू नये, कारण जुनं तेल आत किती चिकटून राहिलंय ते कुणाला कळत नाही. वरची ही हवा म्हणजे दुसरी स्प्रिंगच असते, शेवटच्या टप्प्यात तीच फोर्कला तळावर आपटण्यापासून वाचवते, आणि म्हणून दोन्ही पायांत ती सारखी हवी. माझ्या गाडीत ती आधी सारखी नव्हती, हेही तुम्ही मला दाखवलं होतंत.

मग तुम्ही पिचकारी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "दुसरा पाय तू कर."

मी आयुष्यात फोर्कमध्ये तेल घातलं नव्हतं. तुम्ही उठून दोन पावलं मागे जाऊन उभे राहिलात. सूचना दिल्या नाहीत, हात पुढे केला नाही. मला किती वेळ लागला, कुणास ठाऊक. मध्ये तेल सांडलं, तुम्ही फडकं टाकलंत आणि पुन्हा मागे गेलात. हवा काढता काढता तो खळखळाट थांबेपर्यंत मी पाइप दाबत राहिले, कारण तुम्ही तसंच केलेलं पाहिलं होतं. मोजलं. १४०. तुम्ही येऊन तपासलंत, १४०.

"आता माझा मोज," तुम्ही म्हणालात.

मला वाटलं शिकवायला म्हणून सांगताय. पट्टी लावली तर १४३. मी पुन्हा मोजलं. १४३. वर बघायचा धीर होईना. ज्यांच्या चुका मी दाखवल्या, त्यांनी मला वर्षभर काय काय ऐकवलं होतं, ते सगळं त्या क्षणी आठवलं. मी हळूच म्हटलं, "काका, अंतर जास्त येतंय, म्हणजे तेल तीन मिलिमीटर कमी वाटतंय. माझं चुकलं असेल."

तुम्ही चष्मा लावलात, वाकून पाहिलंत. "नाही, बरोबर मोजलंस. हवा राहिली होती माझ्याकडून, ती आत्ता निघाली." आणि पिचकारीनं तेवढं तेल घातलंत. ना सबब, ना हसून उडवणं, ना 'तीन मिलिमीटरनं काय होतं'. आणि खरंच, तीन मिलिमीटरनं कदाचित काही झालंही नसतं. तुम्ही तसं म्हणाला असतात तर मी मान्य केलं असतं.

काका, कुणी आपलं काम दुसऱ्याला मोजू देतं, त्याचं मला किती अप्रूप वाटलं हे सांगता येणार नाही. इतकी वर्षं हातात पाना घेतलेला माणूस, समोर काल आलेली मी, आणि तरी पट्टी माझ्या हातात. ज्ञान असलेली माणसं मला आधीही भेटली आहेत. डॉक्टरांत, शिक्षकांत, माझ्या स्वतःच्या कामात. पण 'हवा राहिली होती माझ्याकडून' असं सहज म्हणणारी फार थोडी. अशा माणसाजवळ उभं राहिलं की आपलीही पाठ सरळ होते. घाबरून लपवायचं काही उरत नाही. घरी आल्यावर मी माझ्या हाताखाली काम करणाऱ्या मुलीला फोन केला. मागच्या महिन्यात तिनं माझी एक चूक दाखवली होती आणि मी तिच्यावर खेकसले होते. तिला सांगितलं, तुझंच बरोबर होतं. तिला त्याचं कारण कळलं नसेल. तुम्हाला कळेल.

निघताना तुम्ही सीटखाली एक कागदी चिकटपट्टी लावून दिलीत. तेलाचं नाव, ३२ सेंटिस्टोक, १४० मिलिमीटर, स्पेसरची लांबी, तारीख. शेवटी लिहिलंत, 'दोन्ही पाय तपासले', आणि खाली तुमच्या सहीशेजारी माझी सही करायला लावलीत. ती पट्टी काल त्या उताराच्या शेवटी सीट उघडून पुन्हा वाचली. कडेनं थोडी सुटायला लागलीये, तिच्यावर पारदर्शक टेप लावणार आहे.

अजून एक कळवायचं होतं. ३२ बरोबर आहे. डांबरी रस्त्यावर ब्रेक लावल्यावर अजून थोडं खाली जातं, पण आधीसारखं नाही, आणि लाटांवर चाक जमिनीला धरून चालतं. दाट करायची गरज वाटत नाही. सकाळचा पहिला अर्धा तासही आता वेगळा वाटत नाही. खांदा थंडीत जरा दुखतो, त्याला तेलाचा इलाज नाही.

पुढच्या खेपेला तेल बदलायचं होईल तेव्हा दोन्ही पाय मीच करीन. मोजायला तुम्ही या.

तुमची,
उजवा पाय भरलेली