नकाशा आईकडे फिरवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

वयानं तुम्ही माझ्याहून लहानच असाल, तरी ताईच म्हणते. आम्ही परवा लक्षद्वीपहून परतलो. आईला बोट लागली नाही. आमच्या घरात हे वाक्य याआधी कुणी उच्चारलेलंच नसल्यामुळे ते लिहितानाही खरं वाटत नाहीये.

आईचं माहेर विजयदुर्गाकडचं. लहानपणी ती भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटीनं गावी जायची. त्या प्रवासातला समुद्र तिला फारसा आठवत नाही. आठवते ती डेकवरची पथारी, तेलाचा वास आणि आजीनं तोंडापुढे धरलेला डबा. बोटीतून किनाऱ्याला नेणाऱ्या छोट्या पडावात उतरेपर्यंत पोरीत जीव राहायचा नाही म्हणे. तरी सत्तरीत तिनं हट्ट धरला की लक्षद्वीपला जायचं ते मुंबईहून जहाजानंच.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही आणखी काही ट्रॅव्हल एजंटांचे उंबरे झिजवले होते. एका साहेबांनी हसून सांगितलं, "अहो, एवढं मोठं जहाज, ते कुठलं हलतंय? मनाचे खेळ असतात." दुसरीकडे सगळ्यात वरच्या मजल्यावरची, अगदी पुढच्या टोकाची बाल्कनीची खोली आमच्या गळ्यात मारायचा प्रयत्न झाला, कारण काय तर 'व्ह्यू'. तिसऱ्यांनी स्वस्तातलं तिकीट दाखवलं, ज्यात खोली कुठली मिळणार ते कंपनी ठरवते. बोट लागणाऱ्या माणसाला हे! आणि सगळीकडे आई शेजारच्या खुर्चीत बसलेली असताना बोलणं मात्र माझ्याशी. "यांना फार त्रास होतो का?" यांना म्हणजे कुणाला? ती बहिरी नाही हो.

तुम्ही जहाजाचा डेक प्लॅन, म्हणजे मजल्यामजल्यावरच्या खोल्यांचा नकाशा, छापून काढलात. सवयीनं असेल, आधी माझ्यासमोर ठेवलात. मग माझ्याकडे एकदा, आईकडे एकदा बघितलंत, कागद उचललात आणि तिला सरळ दिसेल असा फिरवून तिच्या पुढ्यात ठेवलात. मला तो आता उलटा दिसत होता. तुम्ही विचारलंत, "आजी, एसटीत शेवटच्या बाकावर बसलात तर काय होतं?"

"फोंडा घाट उतरेपर्यंत मी संपते," आई म्हणाली.

"आणि मधे, दोन्ही चाकांच्या मधल्या सीटवर?"

"तिथं जरा बरं."

"मग जहाजातही तिथंच झोपायचं." आणि पेन्सिल तिच्या हातात दिलीत. गोल तिनं काढला. जहाजाच्या मधोमध, खालच्या मजल्यावर, खिडकी असलेल्या खोलीभोवती.

पुढचं सगळं तुम्ही तिलाच समजावलंत. लाटेवर जहाज पुढेमागे डोलतं तेव्हा दोन्ही टोकं सर्वात जास्त वरखाली होतात, आणि ते कुशीवर कलतं तेव्हा वरचे मजले जास्त झुलतात. जहाजाला बसवलेले पाण्याखालचे पंख ते कलणं पुष्कळ कमी करतात, पण पुढची-मागची उसळी त्यांना आवरत नाही. अगदी मागे गेलं तर शिवाय इंजिनाची थरथर. आतली, बिनखिडकीची खोली आणखी स्वस्त पडली असती, पण तिथं तोल सांभाळणारा कान सांगतो हलतंय, डोळे सांगतात भिंत जागची हललेली नाही, आणि या दोघांच्या भांडणात पोट ढवळतं. आईनं विचारलं, "बाल्कनी असती तर हवा मिळाली असती ना?" तुम्ही म्हणालात, "हवा खायला अख्खा डेक आहे आजी, झोपायला ही खोली." बाल्कनीच्या खोलीत तुमचं कमिशन जास्त होतं, हे मला न समजण्याइतकी मी भोळी नाही.

निघायच्या आधी वरच्या मजल्यावरचं फुकट अपग्रेड देऊ केलं गेलं, तेव्हाही तुमचा निरोप आला: "आजींना विचारा, माझ्या मते नको म्हणा." आजी नको म्हणाल्या.

गोवा सोडल्यावर एका रात्री वारा चढला. जिन्याच्या कठड्यांना कागदी पिशव्या अडकवलेल्या दिसू लागल्या, लोक भिंत धरून चालत होते. आई खिडकीपाशी आलेपाक चघळत बसली होती. दूरवरच्या एका बोटीचा दिवा दिसत होता, त्यावर नजर ठेवून. मग झोपली, चक्क घोरली. सकाळी नाश्त्याला तिनं दोनदा उपमा घेतला आणि वरच्या मजल्यावरची, आदल्या दिवशी बाल्कनीचं कौतुक सांगणारी मंडळी का दिसत नाहीत याची चौकशी केली. चौकशीत काळजी कमी होती.

गोळीही घेतली होती. डॉक्टरांना विचारून, आणि तुम्ही बजावल्याप्रमाणे मळमळ सुरू व्हायच्या आधीच. त्यामुळे श्रेय गोळीचं की खोलीचं यावर घरात वाद चालू आहे. आई ठामपणे खोलीच्या बाजूनं.

बँकेत, दवाखान्यात, सोसायटीच्या ऑफिसात, सगळीकडे आता आईबद्दल मला विचारतात. माणूस समोर बसलेलं असतं, चांगलं खणखणीत बोलतं, पण केस पिकले की लोक त्याच्या डोक्यावरून बोलायला लागतात. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो, म्हणून भांडताही येत नाही. तुम्हाला हे कुणी शिकवलं असेल असं वाटत नाही. घरी एखादी आजी असावी, आणि ती तुमच्याशी नीट भांडत असावी.

पेन्सिलीचा गोल असलेला तो कागद आईनं पर्समध्ये ठेवलाय आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते. आता तिला अंदमान हवंय, तेही चेन्नईहून जहाजानं. विमानाचं नाव काढू देत नाही. त्या जहाजाचा असा नकाशा मिळतो का, तेवढं बघून ठेवा. पुढच्या आठवड्यात आम्ही येतोच आहोत. तुमच्यासाठी कुळथाचं पीठ बांधून ठेवलंय, नको म्हणायचं नाही.

तुमची,
विजयदुर्गच्या आजींची लेक