‘एकच प्याला’ अर्धाच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बडोद्याच्या दांडिया बाजारात सुट्टीतली तरुणांची नाट्यकार्यशाळा चालू आहे. माझी नात त्यात ‘एकच प्याला’तल्या गीताचं काम करते. तिला सोडायला म्हणून गेले आणि रोज मागच्या बाकावर बसायची सवय लागली. गेल्या आठवड्यात कळलं की समारोपाला ‘एकच प्याला’ पूर्ण होणार नाही. चाळीस मिनिटांचे निवडक प्रवेश होतील, तेही ‘सोप्या भाषेत’. का, तर आजच्या मुलांना गडकऱ्यांची भाषा झेपत नाही म्हणे. मुलांना मात्र कोणी विचारलेलं नाही.

यातली निम्मी मुलं गुजराती माध्यमातली. तळीराम करणाऱ्या मुलाला त्याच्या आईने सगळी भाषणं गुजराती लिपीत उतरवून दिली आहेत. पहिल्याच दिवशी तो ‘एकच’मधला च ‘चहा’सारखा म्हणाला. दिग्दर्शकांनी तालीम थांबवली. “चमचा म्हण बघू.” त्याने तोही चहातलाच च लावून म्हटला. सगळे हसले. (खरं सांगायचं तर आमच्या घरीही हल्ली तसलेच चमचे आहेत.) मग चार दिवस नुसते च आणि ज. त्यानंतर वहीत पेन्सिलीने श्वासाच्या खुणा: कुठे दम घ्यायचा, कुठे नाही, आणि क्रियापदापर्यंत आवाज पडू द्यायचा नाही. दहाव्या दिवशी हाच मुलगा म्हणाला, “काका, अर्ध्याचा अर्थ आत्ता कुठे लागतोय, पण म्हणायला मजा येते. हे काढू नका ना!”

खरी पंचाईत प्याल्याची झाली. १९६० पासून दारूबंदी असलेल्या राज्यातली ही पोरं. नाटकाचा नायक सुधाकर पेला धरतो तो कोकम सरबताचा. दारुड्यांच्या आर्य मदिरा मंडळाचा प्रवेश वाचताना एकाने अगदी गंभीरपणे विचारलं, “यांच्याकडे परमिट होतं का?”

आता निवडलेले प्रवेश पाहा. विनोद सगळा राहिला आणि सुधाकरच्या बायकोचं, सिंधूचं दळण ‘संथ’ म्हणून गेलं. वकिलीची सनद गेल्याचा सुधाकरचा संताप, त्याच्याच कारकुनाने, तळीरामाने पुढे केलेला पहिला पेला, मग हळूहळू रितं होत गेलेलं घर. गडकऱ्यांनी हे पाच अंकांत एकेक पायरी उतरवत नेलं आहे. चाळीस मिनिटांत आयता दारुडा तेवढा दिसेल, तो बुडत जाताना दिसणार नाही.

आणि हे बडोद्यात व्हावं! गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले. महिनाही उलटला नव्हता, तोच २० फेब्रुवारीला गंधर्व नाटक मंडळीने या नाटकाचा पहिला प्रयोग आपल्याच गावात केला. बालगंधर्व सिंधू, गणपतराव बोडस सुधाकर. हे ऐकल्यावर आमचा सुधाकर दोन मिनिटं गप्प होता. मग त्याने पेला नीट धरला.

जुन्यासारखं रात्रभर नाटक करा, असं मी म्हणत नाही. कापायचंच असेल तर पदं कापा. ती वि. सी. गुर्जरांची आहेत, सुंदर आहेत, पण ती पेलणारा गळा या मुलांत एकच आहे. (गाणाऱ्या मंडळींना राग येईल, येऊ दे.) गडकऱ्यांच्या वाक्यांना मात्र कात्री लावू नका.

रात्री नऊला सभागृह सोडावं लागतं, ही आयोजकांची अडचण मला मान्य आहे. मग सातऐवजी साडेसहाला पडदा उघडा. आम्ही बडोदेकर नेहमीप्रमाणे अर्धा तास उशिरा येऊ आणि सुरुवात चुकवू, तो आमचा दोष. सिंधूच्या दळणापर्यंत नक्की पोचतो.

— एक आजी, बडोदे