डोंबिवलीच्या आठवणी जपणाऱ्यांचे आभार

भातशेतीच्या गावाचे गजबजलेले उपनगर होताना डोंबिवली कशी बदलत गेली, हे टिपून ठेवण्याच्या आमच्या खटपटीला ज्यांनी स्वतःचे नाव छापू नका असे बजावून हातभार लावला, त्यांचे मनःपूर्वक आभार. 1924 साली स्थापन झालेल्या गणेश मंदिराच्या आणि 1999 पासून गुढीपाडव्याला निघणाऱ्या नववर्ष स्वागतयात्रेच्या आठवणी अनेकांनी सांगितल्या. पण फडके रोडजवळच्या आजींनी ट्रंकेतून काढलेला, वाळवीने कडा खाल्लेला लेझीम पथकाचा फोटो पाहताना आमचा चहा गार झाला. सकाळची लोकल सोडून जुन्या विहिरींच्या जागा दाखवत आमच्याबरोबर फिरलेल्या गृहस्थांचेही आम्ही ऋणी आहोत. त्यांना त्या दिवशी कचेरीत लेटमार्क मिळाला असणार, याची मात्र खंत वाटते.