बंगारामला किती माणसं झेपतील, ते आधी ठरवा

मा. केंद्रीय पर्यटनमंत्री, भारत सरकार, यांस

स. न. वि. वि.

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांचे लक्षद्वीपमधले फोटो आले आणि आमच्या पुण्या-मुंबईकडे जो तो तिथे जायच्या परमिटची चौकशी करू लागला. मीही जाऊन आलो. अगत्ती बेटावरून होडीने बंगाराम बेट. कायमची वस्ती नाही, माडांची गर्दी, आणि लगूनचं, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतल्या उथळ समुद्राचं, पाणी इतकं नितळ की तळाचा प्रवाळ वरूनच दिसावा. तिथे लोकांनी जाऊच नये, असं मी म्हणणार नाही. पण किती जणांनी जावं, हे खोल्या बांधण्याआधी ठरायला हवं.

तिथली पांढरी वाळू नदीने आणलेली नाही. ती प्रवाळाचा आणि शिंपल्यांचा चुरा आहे. पॅरटफिश प्रवाळ कुरतडतात आणि त्याची वाळू करून बाहेर टाकतात. मोठ्या लाटा अडवतो तोही प्रवाळच. म्हणजे प्रवाळ गेला तर किनाराही जाणार. समुद्र तापून १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये हा प्रवाळ पांढरा पडला, म्हणजे मरणाच्या वाटेला लागला, आणि फोटो गाजले त्याच २०२४ च्या उन्हाळ्यात पुन्हा. बंगारामशेजारच्या परळी बेटांपैकी एक तर झिजून नाहीसं झाल्याचं २०१७ मध्ये एका अभ्यासाने दाखवून दिलं. अशा जागी होड्यांनी मिळेल तिथे नांगर टाकणं मला बघवत नाही. होड्या बांधायला कायमचे बोये, म्हणजे तळाशी जखडलेले तरंगते गोळे, बसवले तर नांगराची गरजच उरत नाही.

पाण्याचं दुखणं तर आणखी नाजूक. या बेटांवर नदी नाही. पावसाचं गोडं पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर पातळ थरात तरंगतं. उपसा वाढला की विहिरी मचूळ होतात, आणि सांडपाणी मुरलं तर तेही त्याच थरात आणि पुढे लगूनमध्ये उतरतं. लक्षद्वीपच्या राजधानीत, कवरत्तीत, २००५ पासून समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प आहे, म्हणजे राहत्या लोकांनाच पाणी पुरवताना कसरत होते. त्यात प्रत्येक पर्यटक दोन वेळा शॉवर घेणार!

आणि लगून ही तिथल्या मच्छीमारांची पेढी आहे. ते ट्यूना गळाने, एकेक करून धरतात. त्यासाठी लागणारे जिवंत चाऱ्याचे छोटे मासे लगूनमधूनच मिळतात. जलक्रीडेचा परवाना देताना त्यांना विचारलं पाहिजे.

थायलंडने माया बे हा जगप्रसिद्ध किनारा २०१८ मध्ये बंद केला, तो २०२२ मध्येच उघडला, तोही माणसं मोजून आणि होड्यांना खाडीत मज्जाव करून. आपल्याकडे अजून वेळ आहे.

म्हणून विनंती अशी, की लक्षद्वीप प्रशासनाशी बोलून प्रत्येक बेटाची पाण्याची आणि सांडपाण्याची क्षमता तपासून घ्यावी, तिच्यावरून दिवसाची पर्यटकसंख्या ठरवावी आणि ती जाहीर करावी. त्या हिशेबात माझ्यासारख्याचा नंबर दोन वर्षांनी लागला तरी चालेल.

आपला,
एक पर्यटक, पुणे