शनिवारपर्यंत ‘इंटरस्टेलर’ नको

ती. बाबा आणि आई,
सा. न.

रविवारी टीव्हीत जी खुडबूड करून आले ती फोनवर सांगून लक्षात राहणार नाही, म्हणून लिहून पाठवतेय. आई, हा कागद फ्रिजवर लाव.

बाबा, ‘इंटरस्टेलर’मधलं निम्मं बोलणं कळलं नाही, ही तुमची तक्रार अगदी रास्त आहे. २०१४ साली तो आला तेव्हा धडधाकट कानांची माणसंही हेच म्हणत होती, आणि दिग्दर्शक नोलनने तर ते मुद्दामच तसं ठेवल्याचं सांगितलं. पार्श्वसंगीतातला ऑर्गन वाजायला लागला की माणसं पुटपुटतात. त्यात थिएटरच्या ध्वनीत संवादाला मधला वेगळा स्पीकर असतो. आपल्या टीव्हीला दोनच, तेही खाली तोंड केलेले, म्हणून सगळा गोंधळ त्यातूनच बाहेर पडतो. तर सिनेमा लावल्यावर ऑडिओच्या यादीत ५.१ (म्हणजे सहा स्पीकरसाठीचं) लिहिलेलं घ्यायचं नाही, साधं स्टिरिओ घ्यायचं. टीव्हीच्या साउंडमध्ये ‘क्लिअर व्हॉइस’ मी चालू करून ठेवलंय, ते कुणी बंद करू नका. सबटायटल्स मोठी, पिवळी, काळ्या पट्टीवर. ‘मोशन स्मूदिंग’ बंद केलंय, त्याने चांगला सिनेमासुद्धा दुपारच्या मालिकेसारखा दिसतो.

तो सिनेमा १६९ मिनिटांचा आहे. मध्ये उठा, आईचे गुडघे धरतात. त्या लाटांच्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं, हा भाग संपला की थांबवा आणि चहा घ्या. कृष्णविवराचं चित्र किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञाच्या समीकरणांवरून काढलंय, तिथे मला काही खोट दिसत नाही. शेवट मात्र मला गोड करून टाकलेला वाटतो. बाप तसाच राहतो आणि मुलगी म्हातारी होते, हा हिशेब आपल्या घरी उलटा आहे तेच बरं.

‘द मार्शियन’ आधी बघा. संवाद स्वच्छ, विनोदी आणि बटाट्यांची शेती, म्हणजे आईच्या कुंड्यांची बहीणच. बाबा, सुरुवातीच्या वादळावर तुम्ही चिडणार हे मला माहीत आहे. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, तिथला वारा यान कलंडवणार कसा? खुद्द मूळ कादंबरीच्या लेखकानेही ही सूट घेतल्याचं कबूल केलंय. तेवढं गिळा, पुढचा हिशेब बराचसा नीट आहे.

‘अरायव्हल’ आईसाठी. परग्रहावरच्यांची लिपी उलगडणारी भाषेची प्राध्यापक आहे त्यात, बंदुका जवळजवळ नाहीतच. पण आई, त्यात एका मुलीचं आजारपण आहे. रात्री झोपायच्या आधी नको, दुपारी बघ. ‘ग्रॅव्हिटी’ तू बघायचाच नाहीस. तासदीड तास सगळं गरगरतं आणि तुझी चक्कर आत्ता कुठे थांबलीय.

पुस्तकं मी स्टेशनजवळच्या ग्रंथसंग्रहालयातून आणून दिली असती, पण खारघरहून रोजचं जाणं-येणं करून पुन्हा ठाण्यात उतरणं होत नाही. चूक माझीच आहे, रागावू नका. तलावपाळीच्या फेरीतच जाऊन या. नारळीकरांचं ‘यक्षांची देणगी’ घ्या. कथा आहेत, दुपारी एक पुरते. त्यांची माणसं जराशी कोरडी असतात, पण कल्पना पक्की असते आणि मराठी निर्मळ. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून! बाबा, तुमच्या शब्दकोड्यांच्या डोक्याला हे आवडेल. ‘प्रेषित’ त्यानंतर.

आता ‘२००१: अ स्पेस ओडिसी’. १९६८चा. पहिली पंचवीसेक मिनिटं कुणी एक शब्द बोलत नाही, म्हणून तो तुम्हाला आवडला असं तुम्ही म्हणालात. त्यातला संगणक अंतराळवीरांचे ओठ वाचतो. बाबा, हल्ली तुम्हीही आईच्या ओठांकडे बघता. मी काही म्हणत नाहीये. वयानुसार आधी उंच पट्टीतले आवाज जातात, म्हणजे स, श, फ यांसारखे. म्हणून आवाज ऐकू येतो पण ‘सात’ की ‘हात’ हे कळत नाही, आणि व्हॉल्यूम चाळीसवर नेऊनही उपयोग होत नाही, नुसते स्वर मोठे होतात. कधी कधी तर कानात नुसता मळच साचलेला असतो.

म्हणून शनिवारी सकाळी दहाची, कान तपासायची वेळ घेतली आहे, राम मारुती रोडला. आधी विचारायला हवं होतं, पण विचारलं असतं तर तुम्ही दिवाळीनंतर बघू म्हणाला असता. आधी मळ बघतात, मग बंद खोलीत हेडफोन लावून टिक-टिक ऐकवतात, ऐकू आलं की बटण दाबायचं. अर्धा तास. दुखत नाही. कानाचं यंत्र लावायचं की नाही ते नंतर तुम्हीच ठरवा, मी हट्ट करणार नाही. (थोडा करीन.)

मी साडेनऊला नौपाड्यात पोचते. गोळ्या नेहमीसारख्या घ्या, नाश्ता करूनच निघायचं. तोवर कानात तेल घालायचं नाही, काडी तर नाहीच. आणि तपासणीच्या आधी कानांना विश्रांती लागते, तेव्हा शुक्रवारी रात्री तो ऑर्गन पुन्हा लावू नका. ‘अरायव्हल’ची दुपार शुक्रवारची ठेवा, हळू आवाजात, सबटायटल्स लावून.

तुमची,
ताई