आईला बोलू द्या

महोदय,

माझी आई ८७ वर्षांची आहे, गिरगावात चाळीत राहते. देवघरात गंगेचा सीलबंद गडू, कपाटाच्या खालच्या कप्प्यात कोरी इरकल आणि तिच्या घडीत पाचशेच्या काही नोटा. ‘माझ्या कार्याला कुणापुढे हात पसरू नका,’ हे ती वालाच्या शेंगा सोलता सोलता सांगते. आम्ही लगेच म्हणतो, ‘आई, अभद्र बोलू नकोस.’ ती गप्प होते.

गेल्या महिन्यात मी तिला पहिल्यांदाच थांबवलं नाही. मरणाची भीती तिला नाहीच, आयसीयूची आहे. शेजारच्या काकांना शेवटचे अठरा दिवस हात बांधून व्हेंटिलेटरवर ठेवलेलं तिने काचेतून पाहिलंय. ‘मला तसं ठेवू नका, घरी आणा,’ एवढंच तिचं मागणं.

केईएम रुग्णालयात हल्ल्यानंतर सुमारे ४२ वर्षं अंथरुणाला खिळून राहिलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांची अवस्था पाहिलेल्या मुंबईला हे वेगळं सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये ‘लिव्हिंग विल’ला, म्हणजे बरं होण्याची आशा नसताना यंत्रांवर जगवू नका असं आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली, २०२३मध्ये प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. आमच्या इमारतीत हे एकालाही ठाऊक नव्हतं! ज्येष्ठ नागरिक संघांनी योगासनांच्या वर्गानंतर अर्धा तास यासाठी द्यावा, ही कळकळीची विनंती.

आईचा कागद आम्ही केला. साक्षीदार म्हणून पहिली सही शेजारच्या काकूंनी केली.

– एक वाचक, गिरगाव, मुंबई